रोज करीन म्हटलेली प्रार्थना

टिंक्चर आयोडीनचा वास आला की यवतमाळचा मिशनचा दवाखाना आठवतो आणि माझी मान खाली जाते. एकोणीसशे साठच्या आसपासची गोष्ट. मी तिथे नवी नर्स होते. बाभुळगावकडची एक बाई नवऱ्याच्या माराने फुटलेलं कपाळ घेऊन आली. पट्टी झाली तरी माझा हात सोडेना, नुसती रडत राहिली. बाहेर रांग, अंगाची उन्हाने लाहीलाही, तिला वाटेला लावायला मी म्हणाले, "जा आता, मी रोज तुझ्यासाठी प्रार्थना करीन." ती फाटकाबाहेर पडायच्या आत मी तिचं नावही विसरले. कापसाची वेचणी संपल्यावर ती परत आली, पदरात तुरीच्या शेंगा घेऊन. म्हणाली, "बाई, मी विहिरीवर गेलती, जीव द्याले. मंग वाटलं, तिकडं कोणी रोज माह्यासाठी देवाले मागून राह्यलं, अन् मी अशी कशी मरू? तशीच घरी आली." मला तोंड वर करवेना. खरं सांगायचा धीर झाला नाही; रजिस्टरचं निमित्त करून मी तिचं नाव पुन्हा विचारलं. त्या संध्याकाळी तिच्यासाठी पहिल्यांदा गुडघे टेकले. माझी खोटी थापसुद्धा देवाने वाया जाऊ दिली नाही, हे आता या वयात कळतं. तरी रोज प्रार्थनेत तिचं नाव घेताना आधी लाजच वाटते.