रंगाचे दोन हात

लडाखमधल्या आमच्या वर्कशॉपला व्हेईकल मेकॅनिक दोघं. मी, नाईक उत्तम साळवे, राहणार पाचोड. दुसरा नाईक शेख मुनीर, राहणार खुलताबाद. एकाच जिल्ह्याचे, म्हणून सगळे आम्हाला जोडीदार समजायचे. मला मात्र त्याचं तोंड बघितलं की चहा कडू लागायचा.

कारण त्याचे कान. इंजिनात मुंगी शिंकली तर कोणत्या सिलेंडरमध्ये, ते मुनीर बोनेट न उघडता सांगायचा. सुभेदार साहेब ०७०० च्या परेडला पहिला प्रश्न करायचे, "मुनीर कुठाय?" मी समोर सहा फूट उभा. बरं, बुटांसकट पाच फूट पाच. टोपीच्या आतल्या बाजूला मुनीर एक सेफ्टी पिन टोचून ठेवायचा. कार्बोरेटरच्या जेटचं बारीक भोक साफ करायला तीच, काटा काढायला तीच. मी त्याला शिंपीमास्तर म्हणायचो.

जनरल साहेबांचं इन्स्पेक्शन ठरलं. मुनीरला इंजिनं मिळाली, मला रंगकाम. मनात म्हटलं, आता रंगानंच याला मागं टाकतो. दोन दिवसांत अकरा गाड्या हिरव्या केल्या. बंपर, नट-बोल्ट, टाकीचं झाकण, काही म्हणून सोडलं नाही. सगळ्याला दोन-दोन हात. ॲम्ब्युलन्स जीप तर अशी हिरवीगार झाली की एक याक तिला गवत समजून चाटून गेला. जनरल साहेब तिच्यापुढं थांबले आणि म्हणाले, "गुड जॉब." म्हणाले ते मुनीरकडं बघून.

तिसऱ्या दिवशी ०९१० ला वायरलेस आला. वरच्या पोस्टवरच्या एका जवानाच्या छातीत पाणी झालं होतं. त्याला फील्ड हॉस्पिटलला न्यायचं होतं, आणि मधे एक खिंड चढायची होती. ऑक्सिजन १३०० पर्यंत पुरणार होता. ॲम्ब्युलन्स जीपवर ड्यूटी माझी. मुनीर बराच मागं, बंद पडलेल्या गाड्या ओढणाऱ्या रिकव्हरी व्हॅनवर.

१०४० ला चढ लागला आणि जीप अडखळली. ॲक्सिलरेटर दाबला की झटका, मग दम लागल्यासारखी हळू. मी प्लग काढून पुसले. फिल्टर बदलला. कार्बोरेटर उघडून जेटमध्ये फुंकर मारली, अशी की खिंडीपलीकडच्या चौकीतला कंदील विझला असणार. जीप पळाली. दहा मिनिटांनी पुन्हा तेच. असं तीनदा. जवानाचे ओठ निळे पडायला लागले होते. नर्सिंग असिस्टंट माझ्याकडं बघेना, नुसता घड्याळाकडं.

वायरलेस खरखरला, "पोझिशन सांगा. ओव्हर."

"खिंडीखाली. गाडी पिकअप घेत नाही. ओव्हर."

"थांबा. मुनीर येतोय. आऊट."

मुनीर आला. जीपभोवती एक फेरी मारली आणि मागच्या बाजूला थांबला.

"साळवे, माझ्या व्हॅनमधून पाण्याचा कॅन आण."

मी आणून दिला. दोन मिनिटं गेली असतील.

"आता चालव," तो म्हणाला.

जीप खिंड चढली. १२३५ ला आम्ही हॉस्पिटलात. जवान वाचला.

सुभेदार साहेबांनी फॉल्ट विचारला. मुनीर म्हणाला, "कुछ नहीं साब. नजर लगी थी, उतार दी." सगळे हसले. शाबासकीचं कार्ड त्यालाच मिळालं. तो दोनदा म्हणाला, "साळवे भाऊ, चहा घे ना." मी दोन्ही वेळा म्हटलं, "तुझा तू पी."

सतरा दिवसांनी, ११२० ला, दुसऱ्या युनिटचा घसरलेला ट्रक ओढताना मुनीरवर दरड आली.

त्याच्या सामानाची यादी मी केली. नमाजची चटई एक. शर्ट तीन. सेफ्टी पिन एक, टोकाला हिरवा रंग. लिहिलं आणि पुढं गेलो. त्याची शवपेटी घेऊन खुलताबादलाही मीच आलो. अख्खं गाव रस्त्यावर होतं. खांदा देताना माझ्या मनात आलं, इथंही सगळे याच्याच मागं. हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

आता मी छत्रपती संभाजीनगरात असतो. दर वर्षी बायकोला, रंजनाला, घेऊन मुनीरच्या बायकोला, शमीम भाभींना, भेटायला खुलताबादला जातो. यंदा जाण्याआधी जुन्या पेट्रोल व्हॅनला घरीच पांढरा रंग मारला. अशी उजळली की शेजाऱ्यानं दुपारी गॉगल लावला. दौलताबादच्या पुढं घाट लागला आणि व्हॅन अडखळली. मी प्लग पुसले, कार्बोरेटर फुंकला. पळाली. पुन्हा अडखळली.

रंजनानं विचारलं, "त्या टायमाला मुनीरभाऊंनी काय केलं होतं?"

"नजर उतरवली होती."

"मंग उतरवा की. येवढा रंग फासल्यावर नजर लागणारच. टाकीचं झाकणबी सोडलं नाय तुम्ही."

मी झाकण फिरवलं. टाकीनं फस्सकन हवा आत ओढली.

झाकणाला सुईएवढं भोक असतं. पेट्रोल संपत जाईल तशी तिथून हवा आत जाते. भोक बुजलं तर टाकी पेट्रोल सोडत नाही, आणि चढावर इंजिन उपाशी राहतं. गाडी थांबवली की थोडी हवा कशीबशी झिरपते, म्हणून ती जरा पळते आणि पुन्हा अडखळते. हे मला नोकरीच्या पहिल्या महिन्यात शिकवलं होतं.

मी रस्त्याच्या कडेला बसलो. अकरा गाड्या, दोन हात. चौकशी लागली असती तर माझ्या दंडावरच्या पट्ट्या उतरल्या असत्या, आणि उतरायलाच हव्या होत्या. पाण्याचा कॅन मला बाजूला पाठवायला होता, आणि ती 'नजर' फॉल्ट कुणाला कळू नये म्हणून. बाकीच्या दहा गाड्या तर कधी अडखळल्याच नाहीत. म्हणजे त्याही त्यानं एकेक करून मोकळ्या केल्या, मी त्याचा चहा नाकारत होतो तेव्हा.

रंजनानं बांगडीतली पिन काढून दिली. भोक मोकळं झालं. पिनेचं टोक पांढरं झालं.

हेवा अजून वाटतो. जास्तच वाटतो. त्याच्या जागी मी असतो तर सतरा दिवस काय, जेवणाच्या सुट्टीपर्यंत गप्प बसलो नसतो.

शमीम भाभी दारातच उभ्या होत्या. म्हणाल्या, "इतनी देर? गाडी बिघडली का, भाऊ?"

"झाकणाचं भोक बुजलं होतं, भाभी."

"मग कुणी काढला फॉल्ट?"

"केला मी," म्हणालो. "काढला मुनीरनं. दोन्ही टायमाला."