चोंदलेला सायलेन्सर

नव्वदच्या दशकात, छातीत दुखणाऱ्या वडिलांना गगनबावड्याहून कोल्हापूरला नेताना आमची डिझेल जीप चढ ओढेना. वडील मागं डोळे मिटून गप्प पडले होते. रस्त्याकडेच्या गॅरेजवाल्यानं आधी हात धुतले, इंजिनाला नमस्कार केला, मग सायलेन्सरच्या तोंडाशी तळहात धरला. अभिषेकाला बसल्यासारखी त्याची सावकाशी पाहून मला घाम फुटला.

"पावणं, सायलेन्सर काजळीनं चोंदलाय. काढूनच टाकतो."

"आणि आवाज?"

"हुईल की! लोक वाट तरी सोडतील."

त्याचं नाव विचारायचंही मला सुचलं नाही. जीप गर्जत सुटली. ट्रक, बैलगाड्या, एका पुढाऱ्याची मोटारसुद्धा बाजूला झाली. एवढा मान मला पुन्हा मिळाला नाही. रंकाळ्याजवळ वडिलांनी डोळे उघडले आणि चिडून विचारलं, "कुणाची वरात हाय रं?"