विहिरीत टांगलेली शाब्ली

आमच्या आत्येचे यजमान, आमच्याकडे आत्येच्या नवऱ्याला मामाच म्हणतात, यांच्याइतकी तरबेज जीभ मालवणपासून बांद्यापर्यंत दुसऱ्या कुणाच्या तोंडात नाही. आणि बांद्यापलीकडे गोवा लागतो, तिथल्या लोकांनी माझ्याशी वाद घालू नये. डोळे बांधून पाण्याचा घोट दिला तर मामा विहीर सांगत, विहिरीचा दगड सांगत, आणि फारच लहर आली तर आदली कळशी कुणी बुडवली तेही सांगत. तरुणपणी ते मालवाहू बोटीवर स्वयंपाकी होते. एका फेरीत, अकरा महिने घर पाहिलेलं नसताना, फ्रान्सच्या एका बंदरात कप्तानाने त्यांना शाब्ली गावची पांढरी वाईन पाजली, कालवांबरोबर. पहिला घोट घेतला आणि भर हॉटेलात मामांना रडू फुटलं. का, ते त्यांनाही सांगता येत नसे. "ओल्या खडकाचो वास रे, आणि मागसून खारी झुळूक," एवढंच म्हणत आणि गप्प होत. मामांचं गप्प होणं आमच्या वाडीत ग्रहणासारखं पाळलं जाई.

नोकरी संपली, मामा घरी आले, पण चव घेण्याचं वेडही त्यांच्याबरोबर बोटीवरून उतरलं. चहा उजेडात धरून बघायचे. ताकाची गुळणी माडाच्या मुळात टाकून मग मत द्यायचे. कट्टा गावी एका लग्नाच्या पंगतीत त्यांनी सोलकढीचा पेला असा काही गरगरा फिरवला की अर्धी सोलकढी समोर बसलेल्या नवरदेवाच्या काकांच्या नव्या सदऱ्यावर.

"कढीक जरा श्वास घेऊक देवचो पडता," मामा शांतपणे म्हणाले.

"तुमी आधी तिका पेल्यात ऱ्हवाक देवा!" काका ओरडले.

आत्येला असले शौक नव्हते. सुकतीला, म्हणजे ओहोटी लागली की, खडकांवर जाऊन ती कालवं काढून आणायची आणि परसातल्या विहिरीलगतच्या पायरीवर बसून फोडायची. तिने वाढलेल्या शिऱ्यालासुद्धा दर्याचा वास येई, हे मी प्रेमानेच म्हणतो.

शेवटच्या फेरीत मामांनी खास तिच्यासाठी शाब्लीची एक बाटली आणली आणि गारव्याला म्हणून काथ्याच्या दोरीने विहिरीत टांगली. दर वर्षी दोरी बदलायची, बाटली उघडायची नाही. मुहूर्तच सापडेना! कालवं भरलेली हवीत, वारा पडलेला हवा, शेजारी कुणी सुकट भाजता कामा नये. आता आमच्याकडे सुकट कुणी ना कुणी भाजतंच. वीस वर्षं गेली. लेबल पाण्यात विरघळलं, बेडकांच्या कित्येक पिढ्या त्या बाटलीला धरून पोहायला शिकल्या.

"ती वाईन माका पाजश्यात, तवसर माझे दात ऱ्हवतले मां?" आत्या विचारायची.

"वायनीक दात लागनत नाय गो."

"कालवांक लागतत!"

दात राहिले. गेल्या श्रावणात आत्याच गेली.

दिवाळीनंतर मामांचा निरोप आला, "कालवां घेवन ये." मालवणच्या बाजारातून मी कालवं नेली. वारा पडला होता. कुणी सांगितलं नसताना अख्ख्या वाडीत त्या दिवशी सुकट भाजली गेली नाही. मामा आत्येच्या पायरीवर बसले, दोरी ओढली, बूच काढलं आणि दोन पेले भरले. मला वाटलं, दुसरा माझा. तो त्यांनी पायरीच्या दुसऱ्या टोकाला ठेवला. आपला पेला हलकेच फिरवला, एक थेंब सांडला नाही, आणि नाकाशी नेला. पण ओठांना लावला नाही.

"मामा, बिघडली काय?"

"नाय रे. तुझ्या आत्येच्या हातांचो वास ह्यो. कालवां फोडून उठायची ना, तेव्हाचो. थंय बंदरात रडलंय, तां ह्याच्यासाठी. आणि मी खुळो, घरात ह्यो वास असताना गावभर पाणी हुंगीत फिरलंय."

मामा प्यायलेच नाहीत. बूच लावून बाटली त्यांनी पुन्हा विहिरीत सोडली.

उघडलेली वाईन चार दिवसांत आंबते, हे मला त्यांनीच शिकवलेलं. या गोष्टीला चार महिने झाले. मामा रोज सकाळी बाटली वर ओढतात, बूच काढून हुंगतात, परत सोडतात. काल त्यांनी ती माझ्या नाकाखाली धरली. निव्वळ व्हिनेगर.

"येता मां वास?"

आयुष्यभर मी फुकटच्या थापा मारत आलो. त्या सगळ्या बहुतेक या एका थापेची तालीम असावी.

"येता तर," मी म्हटलं. "तसोच."

मामांनी मान डोलावली आणि ते दोरीची गाठ तपासू लागले.