तलावावरची दुसरी होडी

आमच्या गावच्या तलावात पाणी आणि वारा एका वेळी क्वचितच भेटत. ज्येष्ठ-आषाढात पश्चिमेकडून असा वारा सुटायचा की वाळत घातलेलं लुगडं धरून बसावं लागे. पण तेव्हा तलाव तळाला गेलेला असायचा. भाद्रपदात तलाव भरायचा, तर वारा पडायचा. आदल्या वर्षी परतीचा पाऊस भरपूर झाला आणि ते पाणी उन्हाळा काढून उरलं, तरच शिडाच्या होडीला हंगाम चांगला. तीन-चार वर्षांतून एकदा तो यायचा.

हा हिशेब माझे यजमान आणि पोस्टमास्तर आमच्या ओट्यावर बसून मांडत. यजमान दवाखान्यात कंपाउंडर होते, दुसरबीडचे. समुद्र त्यांनी पाहिलेला नव्हता. पोस्टमास्तर मूळचे कोकणातले. दोघांनी मिळून गावच्या सुताराकडून दोन होड्या करवून घेतल्या. सुताराचा जन्म बैलगाड्या करण्यात गेलेला, त्यामुळे होड्याही रुंद, जड झाल्या. तलावावरचे भोई हसले. दोन्ही शिडं मी मांजरपाटाची शिवली, दुहेरी टाके घालून. होडीत मात्र मी कधी बसले नाही. बसू का, असं विचारलंही नाही.

यजमान विषमज्वराने गेले, तेव्हा मी तिशीची होते. मूलबाळ नव्हतं. दीर खामगावला न्यायला आले होते, पण मुलींच्या शाळेत माझी नोकरी होती, ती मी सोडली नाही. होडी तलावाच्या काठावर पालथी पडली. पुढचे दोन हंगाम वाईट गेले. होडीखाली कोणाची तरी करडं बांधलेली असत. पोस्टमास्तर आधी मला ‘वहिनी’ म्हणून हाक मारत. आता रस्त्यात दिसले तर मान खाली घालून जात. विधवेच्या दारात उभं राहणं त्यांना बरं वाटत नसणार. त्यांच्या पत्नी बाळंतपणात गेल्या होत्या, तेही एकटेच होते. मला राग आला नाही. पण शाळा सुटल्यावर दुसऱ्या दिवशी शाळा भरेपर्यंत माझ्याशी कोणी बोलत नसे, एवढं खरं.

तिसऱ्या वर्षी दसऱ्यानंतर इतका पाऊस झाला की तलावाचा सांडवा आठ दिवस वाहत होता. उन्हाळा सरत आला तरी पाणी घाटाच्या खालून सातव्या पायरीवर होतं. ज्येष्ठात वारा सुटला आणि पोस्टमास्तरांचं शीड पाण्यावर दिसलं. माझ्या टाक्यांचं शीड. मी सुताराकडे गेले.

त्याने होडी सुलटी करून फटींत बोट घातलं. “बाई, लाकूड वाळून गेलं. आठ दिवस पान्यात बुडवून ठेवा त्याले. फुगलं की फटी बुजतेत. मंग मी डांबर लावतो.”

“चालवायची आहे मला.”

त्याने माझ्याकडे पाहिलं. “कोन चालवन?”

“मीच.”

“काऊन हो बाई?” त्याने कारण विचारलं, आणि सुकाणू हलवून पाहत तोच पुढे म्हणाला, “बरं. सुकाणूचा खिळा बदलून देतो.”

पहिल्या दिवशी मी उजाडताच गेले. शीड उभारलं तशी होडी गोल फिरली आणि कडेच्या चिखलात जाऊन रुतली. दुसऱ्या दिवशीही तेच. पोस्टमास्तर लांबून पाहत होते. तिसऱ्या दिवशी त्यांची होडी जरा जवळून गेली आणि ते मोठ्याने, आपल्याच होडीला बोलल्यासारखे म्हणाले, “वारा पाठीशी आला की दोरी ढिली सोडायची. ओढून धरली की फिरलीच म्हणून समजा.”

मी दोरी सोडली. शीड भरलं. होडी सरळ निघाली, आणि तळाशी पाण्याचा खळखळाट ऐकू आला. हा आवाज यजमान मला तोंडाने काढून दाखवत असत. त्यांना तो कधी नीट जमला नव्हता. मी पदर तोंडात धरून रडले. पोस्टमास्तरांची होडी पुढे निघून गेली होती, पाहायला कोणी नव्हतं.

सगळा आषाढ असा गेला. पोस्टमास्तर माझ्याकडे न बघता बोलत, मी उत्तर न देता ऐकत असे. “ढग काळा आला. आता काठ गाठलेला बरा.” मग दोन्ही होड्या काठाला. गावात लोक बोलले. मुख्याध्यापकांनी एकदा विचारलं, “बाई, शाळेला उशीर होत नाही ना?” मी नाही म्हटलं. त्यांनी विषय सोडला.

त्याच वर्षी दिवाळीनंतर नागपूरहून बदलीचा हुकूम आला. पोस्टमास्तरांना वरवट बकालला जायचं होतं. जाताना ते फाटकाशी थांबले, आत आले नाहीत. “वहिनी, माझी होडी भोयांना दिली. शिंगाडे काढायला होईल.” एवढं बोलून टांग्यात बसले. तीन वर्षांनी ऐकलेली ती हाक.

पुढे दोन वर्षं तलाव भेगाळला. मग पुन्हा एकदा पाणी आणि वारा जमून आले, त्या वर्षापेक्षाही चांगले. मी होडी भिजवली, डांबर लावलं, एकटी निघाले. आता मला सगळं येत होतं. वळणं येत होती, ढग ओळखता येत होते. चार दिवस मी पहाटे तलाव आडवा-उभा कापला. पाचव्या दिवशी मधोमध शीड उतरवलं आणि तशीच बसून राहिले. इतकं मोठं पाणी, आणि त्यावर चुकलं तर सांगायला कोणी नाही.

मी वरवट बकालला एक कार्ड टाकलं. काय लिहावं सुचेना. शेवटी लिहिलं: पाणी नवव्या पायरीला आहे, वारा चांगला आहे. पंधरा दिवसांनी उत्तर आलं. अक्षर वळणदार, मजकूर एकाच ओळीचा: ‘शिडाच्या वरच्या कोपऱ्याचे टाके तपासून घ्यावेत, तिथे आधी उसवते.’

मी तपासले. खरंच उसवत आले होते.