पूर्वेकडं तोंड केलेली जीप

आमच्या घरात गाडीतलं कुणालाही काही कळत नाही, हे आम्हाला गाडी घेतल्यानंतर कळलं. घेण्याआधी आम्ही तिघंही तज्ज्ञ होतो.

तिघं म्हणजे मी, माझ्या सासूबाई आणि आमचे हे. गाव चौसाळ्यापासून थोडं आत. गावात आम्हा बायकांची दूध संस्था आहे. सासूबाई तिच्या चेअरमन (गावाच्या तोंडी 'चेरमन'), आणि मी बारावी झालेली म्हणून सचिव. हे चौसाळ्याला शिवणकाम करतात. संस्थेशी त्यांचं नातं एवढंच, की चेरमन त्यांची आई आणि सचिव त्यांची बायको. म्हणजे संस्थेत त्यांना मत नाही, आणि घरातही नाही.

ते वर्ष दुष्काळाचं. विहिरी आटलेल्या, पाणी टँकरचं, जनावरं तळ्याशेजारच्या चारा छावणीत. ऊसतोडीवरून परतलेल्या माणसांना रानात काम नाही. घराघरात रोजची मीठमिरची निघायची ती दुधावर. आणि नेमकं तेव्हाच दूध न्यायला येणाऱ्या गाडीवाल्यानं सांगून टाकलं, "एवढ्याशा दुधासाठी गाडी आत आणायला परवडत न्हाई. चौसाळ्याच्या शीतकरण केंद्रावर तुमीच आणून घाला."

चौसाळ्यापर्यंत दूध डोक्यावर नेलं तर तिथं पोचेपर्यंत त्याचं दही होईल, आणि आमचं त्याच्या आधी! संस्थेची बैठक झाली. जुनी का होईना, पण एक गाडी घ्यायची असं ठरलं. हे तसेही रोज दुकानाला जातातच, तर गाडी हेच चालवतील. (ह्यांना विचारलं नव्हतं. पण ह्यांनी मित्राच्या जीपवर हात साफ केलेला होता, आणि त्या वेळी झालेली मोडतोड फार नव्हती.) पारख करायची जबाबदारी सचिव म्हणून माझ्यावर आली. मी आठवडाभर दिसेल त्या ड्रायव्हरला गाडीबद्दल विचारून ज्ञान गोळा केलं. एकाचं ज्ञान दुसऱ्याशी जुळत नव्हतं, त्यामुळे माझ्याकडे ते दुप्पट झालं.

धारूरला एक जीप विकायची आहे, अशी बातमी लागली. आम्ही तिघं एसटीनं गेलो. मालक गुणवंतराव म्हणजे नावासारखेच. गोड बोलणं, कपाळाला गंध, आम्ही पोचायच्या आत चहा तयार. त्यांचं घर किल्ल्याच्या बाजूला, चढावर. दारातच जीप उभी होती. मागं दुधाचे कॅन मावतील एवढी जागा. आमच्या ऐपतीत बसत होती, हा तिचा सगळ्यात मोठा गुण.

सासूबाईंनी जन्मभर म्हशी घेतल्या-विकल्या. त्यांनी जीपभोवती एक फेरी मारली, बॉनेटवर थाप मारली, पुढचे दोन्ही दिवे पदरानं पुसले आणि म्हणाल्या, "डोळे तेजदार हायेत. किती हात फिरलेत हिच्यावर?"

"दोनच मालक, मावशी. लई मायेनं वागवली."

"लाथ मारती का?"

"मारती थोडी. पर पहिल्या गिअरलाच."

"मंग ठीक हाय. गरीब जनावर दूध देत न्हाई," सासूबाई म्हणाल्या.

ह्यांनी गाडीच्या पोटात डोकावण्याऐवजी सीटच्या कव्हरचा कोपरा उलटून बघितला. "दुहेरी शिलाई हाय, मंगल! ज्यानं सीटला एवढं जपलं, त्यानं इंजिनाला कावून जपलं नसंल?"

आता माझी पाळी. मी गंभीर चेहऱ्यानं बॉनेट उघडायला लावलं. आत बरंच काही होतं. एवढं सगळं असताना काही कमी असेल अशी शंका कुणाला येणार? मी तेल बघायची पट्टी ओढून काढली, पदराला पुसली, पुन्हा बुडवली आणि उन्हाकडं धरली. तेल काळंकुट्ट आणि घट्ट.

"हे चांगलं का वाईट?" सासूबाईंनी हळूच विचारलं.

मी दूध संस्थेची सचिव. पातळ म्हणजे भेसळ आणि घट्ट म्हणजे फॅट, हे माझ्या हाडात मुरलेलं. "घट्ट आहे. पाणी मिसळलेलं नाही," मी निकाल दिला.

"ताई शिकलेल्या दिसतात," गुणवंतराव म्हणाले. तिथंच व्यवहार पक्का झाला.

मग ते गाडीत बसले, गाडी हलकेच पुढं सरकली आणि चार हातांवर जाऊन धडधडून चालू झाली. मला वाटलं, काय चपळ गाडी आहे! फेरी मारून आल्यावर ती चालू ठेवूनच त्यांनी ह्यांना गादीवर बसवलं आणि दोन गोष्टी सांगितल्या. "एक, हिचं तोंड कायम पूर्वेला करून लावायचं. हिला सवय हाय. आन् दुसरं, नवी लक्ष्मी घरी नेताना वाटंत कुठं थांबवायची न्हाई. नवरीला नेताना थांबवतो का आपण?"

सासूबाईंना हा माणूस फार संस्कारी वाटला. त्यांनी परतीच्या वाटेवर कुणालाही उतरू दिलं नाही. चहा नाही, पाणी नाही. एका ठिकाणी ह्यांनी कळवळून विचारलं, "आई, मला जरा बाजूला जाऊन येऊ दे की."

"घरी गेल्यावर!"

त्या दिवशी ह्यांनी गाडी जेवढ्या जोरात हाणली तेवढी पुन्हा कधी हाणली नाही.

गावात बायका नारळ घेऊन उभ्याच होत्या. ह्यांनी दारात गाडी बंद केली आणि कुणाशी एक शब्द न बोलता परसाकडं धाव घेतली. ओवाळणं झालं. नारळ फुटला. "आता एक चक्कर मारा की!" शेजारची कौसाबाई म्हणाली. ह्यांनी चावी फिरवली. गाडी गप्प. पुन्हा फिरवली. गप्पच.

"तोंड पूर्वेला हाय का?" सासूबाईंनी विचारलं.

तोंड उत्तरेला होतं! सगळ्यांना हायसं वाटलं. बायकांनी ढकलून ढकलून गाडी पूर्वेकडं वळवली. तरी गप्प. मग पूर्व नेमकी कुठली यावर वाद झाला. कुणी म्हणे देवळाकडं, कुणी म्हणे सूर्य आता जरा सरकलाय. दुसऱ्या दिवशी सूर्य उगवताना मी स्वतः उभी राहून, गाडीचं नाक बरोबर सूर्यावर धरून घेतलं. सूर्य वर आला. गाडी होती तशीच!

शेवटी चौसाळ्याचा मेकॅनिक आला. त्यानं बॉनेट उघडलं, वाकून बघितलं आणि मलाच विचारलं, "स्टार्टर कुठंय?"

"बिघडलाय का?"

"बिघडाया असाया तर पाहिजे!"

मी लगेच गुणवंतरावांना फोन लावला. ते जराही गडबडले नाहीत. "ताई, तुमी स्टार्टरचं काही इचारलंच न्हाई. इचारलं असतं तर मी खोटं बोललो असतो का?"

मी फोन ठेवला आणि त्यांचं दार डोळ्यापुढं आणलं. त्यांच्या दारातला उतार पूर्वेला होता, एवढंच काय ते 'पूर्वे'चं माहात्म्य!

एवढ्या जुन्या गाडीचा स्टार्टर मिळायला वेळ लागेल, असं मेकॅनिक म्हणाला. दूध तर रोज निघत होतं. गाडी ढकलून चालू व्हायची, चौसाळ्याला ढकलायला माणसंही मिळायची, पण इथं भरल्या कॅनसकट ती रोज कोण ढकलणार? म्हणजे उतार पाहिजे. आणि आमचं गाव ताटासारखं सपाट! अख्ख्या शिवारात एकच उंच जागा, ती म्हणजे तळ्याचा बांध. गावाच्या बाजूला मुरमाचा उतरता रस्ता. पलीकडच्या बाजूलाही, गाळ काढायला ट्रॅक्टर उतरावेत म्हणून, तसाच उतार केलेला. तळं आटून कोरडंठाक. मधोमध तेवढा थोडा ओला गाळ उरलेला.

ह्यांनी शक्कल काढली. गाडी बांधावर, तोंड गावाकडं करून लावायची. हँडब्रेक नावालाच, म्हणून एक दगड पुढच्या चाकापुढं आणि एक मागच्या चाकामागं. सकाळी आम्ही बायका कॅन घेऊन बांधावर चढायचो, हे गाडीत बसायचे, मी पुढचा दगड काढायचे, बायका मागून जरा रेटा द्यायच्या, गाडी गावाकडं घरंगळत निघायची आणि खाली पोचेस्तोवर चालू. काही दिवस हे इतकं छान चाललं की मला वाटायला लागलं, स्टार्टर हे उगीच श्रीमंतांचं खूळ आहे.

मग एक दिवस शीतकरण केंद्रावर काही बोलणी करायची म्हणून सासूबाईही निघाल्या. पुढं बसल्या. मागं भरलेले कॅन. मी पदर खोचून दगडाशी उभी. त्याच वेळी कौसाबाई मला सांगत होती की छावणीत आज तपासणीला साहेब येणार आहेत. हे आतून ओरडले, "मंगल, दगड काढ!"

मी बोलता बोलता दगड काढला. मागचा.

गाडी क्षणभर विचारात पडल्यासारखी थबकली. मग ह्यांचं तोंड गावाकडं, सासूबाईंचं तोंड गावाकडं, आणि गाडी निघाली तळ्याकडं!

"आरं," सासूबाईंचा शांत आवाज आला, "आज गाव लांब लांब कावून चाललंय?"

पुढचं काही ऐकू आलं नाही. गाडी गाळाच्या उतारावरून उलटी, सरळ रेषेत, मोठ्या दिमाखात खाली गेली आणि मधल्या गाळात जाऊन 'फच्च' आवाज करून रुतली. मी धडपडत खाली पळाले. मनात नको नको ते येत होतं. जाऊन बघते तर हे स्टेअरिंगला मिठी मारून डोळे मिटून बसलेले, आणि सासूबाई कपाळापर्यंत चिखलानं माखलेल्या, पण कुंकू जागेवर. मला रडूच आलं.

"रडती कावून? कॅन बघ आधी," त्या म्हणाल्या.

झाकणं घट्ट होती. मागून ओला गाळ आत शिरून कॅन निम्मे त्यात रुतलेले. दूध थेंबभरही सांडलं नव्हतं, उलट गार झालं होतं! पण गाडी काढायला बैल पाहिजेत, आणि बैल छावणीत. छावणीचा मुकादम हात जोडून म्हणाला, "चेरमनबाई, साहेब जनावरं मोजाया येणार हायेत. आज एक शेपूट बाहेर जाऊ देणार न्हाई."

"माझे बैल हायेत," सासूबाई म्हणाल्या, आणि तशाच चिखलाच्या अवतारात आमची जोडी सोडून घेऊन गेल्या. पाठोपाठ कौसाबाईनं तिची जोडी सोडली. त्या अवताराला अडवायची मुकादमाची छाती झाली नाही.

आणि साहेब आले. मोजणी झाली. चार बैल कमी! मी आणखी दोर बघायला छावणीतच थांबले होते; मुकादमानं बोट माझ्याकडं केलं.

"शासनाचा चारा खाऊन बैल गेले कुठं?" साहेब कडाडले.

"तळ्यात गेलेत, साहेब."

"तळ्यात पाणी आहे?"

"नाही. गाडी आहे."

"कुणाची?"

"दुधाची."

"दुधाची गाडी तळ्यात कशाला गेली?"

"चौसाळ्याला निघाली होती, साहेब. पण उलटी निघाली."

बाई खोटं बोलत असती तर यापेक्षा बरं बोलली असती, असं बहुतेक साहेबांना वाटलं असावं. म्हणाले, "चला, दाखवा." त्यांची सरकारी गाडी बांध ओलांडून तळ्यात उतरली. मी सांगतेय, पुढं नका नेऊ, ओल आहे. ड्रायव्हर म्हणाला, "आपल्याला इथलं सगळं म्हाईत हाय." आणि आमच्या जीपशेजारी, हातभर अंतरावर, सरकार रुतलं!

सासूबाईंनी आमच्या जीपला बांधायला घेतलेला दोर तसाच हातात धरला आणि खिडकीत वाकल्या. "साहेब, आधी आमची काढू का तुमची?"

"आमची काढा हो आधी!"

"काढते की. बैल मोजून घेतलेत का तेवढे?"

साहेबांनी खिडकीतून बोट काढून एकेक बैल मोजला. चारही भरले. कानातले बिल्लेही बघितले. मग "हाऽऽ" अशी एकच आरोळी झाली आणि सरकार गाळातून बाहेर आलं. आमची जीप मात्र हटून बसली. बैलांना दम लागला आणि दूध उन्हात आलं. साहेब माणूस भला. त्यांनीच म्हटलं, "ठेवा ते कॅन माझ्या गाडीत." त्या दिवशी आमचं दूध चौसाळ्याला शासकीय इतमामात गेलं. केंद्रावरचा माणूस खाडकन उठून उभा राहिला, आणि फॅट बघायच्या आधीच "उत्तम आहे" म्हणाला.

जीप दुसऱ्या दिवशी निघाली. पुढं स्टार्टरही मिळाला आणि ती बरीच वर्षं इमानानं चालली. त्यानंतर दूध एक दिवसही अडलं नाही, संस्था तगली.

फक्त वर्षाच्या सर्वसाधारण सभेत, "आयत्या वेळचे विषय" म्हणून एक ठराव आला. 'यापुढे संस्थेसाठी चाक असलेली कोणतीही वस्तू घेताना सचिवांना सोबत नेऊ नये, तसेच त्यांना दगडाजवळ उभे करू नये.' सूचक सासूबाई, अनुमोदक कौसाबाई. ठराव टाळ्यांच्या गजरात, एकमतानं मंजूर झाला. आणि इतिवृत्त लिहिणं हे सचिवाचंच काम असल्यामुळे तो मी स्वतः नीट समास सोडून लिहिला, सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवला आणि कायम केला. एका जागी 'दगडाजवळ'चा 'ज' राहिला होता, तोही सुधारून घेतला.