चुलीवरची दोरी

हौसाला जाऊन दीड महिना झाला. तिच्याशी शेवटचं बोललो ते बारामतीच्या दवाखान्यात. हातात सुई, छातीला वायरी चिकटवलेल्या, आणि मला विचारते, "आवो, केळीचं पाणी बंद केलंय का तसंच वाहतंय?" मी म्हणलो, "केळी मरू दे, तू पाय हलव." तिनं अंगठा हलवला. तेवढ्यावर खूश होऊन मी चहा प्यायला खाली उतरलो... वर आलो तर डॉक्टर तिची छाती दाबत होते.

माझी शाळा चौथीपर्यंत. लेक म्हणाली, "आबा, बोलताय तसंच लिहा," म्हणून हे लिहितोय.

आमचं गाव पळसदेव. धरणाच्या पाण्याकडेला केळी आणि थोडा ऊस. हौसा बुटकी, पण कामाला वाघ. खुरपायला बसली की वाट्याला आलेली पात, म्हंजे ओळ, संपवूनच उठायची, तेही गुडघ्याला हात न लावता. बीपीच्या गोळ्या कैक वर्षं चालू होत्या. गोळ्या वाढत गेल्या, बीपी काही उतरलं नाही. यंदा मात्र तिला बसल्या जागेवरनं उठवेना. मांड्या भरून यायच्या, पायात गोळे यायचे. मी म्हणायचो, "राणीसाहेब, पालखी बोलवू का?" ती म्हणायची, "बोलवा की. पुढचा भोई तुमीच व्हा." आणि हसायची. मला वाटायचं, हसतीय म्हंजे बरी हाय.

उन्हात काम करून माणूस गळाला की आमच्याकडं मीठ-साखरेचं पाणी देतात. मीही दिलं. दिवसाला चार तांबे, मीठ जरा जास्तच. "लई खारट लागतंय ओ," ती म्हणायची. "पी गप," मी म्हणायचो. पाय तेलानं रगडायचो, ती कळवळायची. आठ दिवस असं चाललं. मग लघवी काळ्या चहासारखी झाली, मानसुद्धा उचलेना, तेव्हा कुठं गाडी केली.

बारामतीच्या डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं. मूत्रपिंडाच्या डोक्यावर एक बारकी ग्रंथी असते, तिच्यात गाठ झाली होती. ती नको तेवढा रस सोडते. त्यानं अंगात मीठ साठतं, बीपी चढतं, आणि पोटॅशियम लघवीवाटे निघून जातं. ते पार खाली गेलं की हृदय अडखळतं आणि स्नायू आतल्या आत तुटायला लागतात. लघवीचा रंग त्याचाच. मी विचारलं, "म्हंजे आमी केळीला टाकतो ते पोटॅश?" "त्यातलंच आबा, पण माणसाला पोत्यातलं चालत नाही." मग त्यांनी मीठ किती खायची ते विचारलं. मी तांबे सांगितले. त्यांनी ते कागदावर लिहून घेतलं. म्हणाल्या, "मिठानं ते आणखी जातं. पण गाठ काही तुम्ही केली नाही."

केळीच्या खालच्या पानाची कड पिवळी पडून करपली, तर मी बांधावरनं सांगतो की पोटॅश कमी पडलंय. सगळा जन्म शेजारी बसून जेवलेल्या बाईचं मला कळलं नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, रक्त तपासल्याशिवाय कुणालाच कळत नाही. असेल. पण ती उठत नव्हती, हे बघायला रक्त कशाला तपासावं लागतंय?

तेराव्यानंतर चुलीपुढं बसलो होतो. वर पत्र्याच्या अँगलला एक दोरी आहे, तिला लसणाच्या जुड्या बांधलेल्या असायच्या. दिवाळीपासून लोंबत होती, मी समजायचो लसणासाठीच हाय. पाव्हण्यारावळ्यात लसूण संपला आणि दोरी नीट दिसली. खाली मोठी गाठ मारलेली, हाताच्या घामानं काळी, गुळगुळीत झालेली.

लेकीला विचारलं. तिनं आधी चुलीतली लाकडं सारली. मग म्हणाली, "आई तिला धरून उठायची, आबा. तुमाला दिसू नये म्हणून वर लसूण बांधला हुता. म्हणायची, त्यांना कळलं तर उगं पालखी पालखी करत बसत्याल."

आता चहा मीच करतो. उठताना तीच दोरी धरतो. गाठ तिच्या उंचीची, मला खाली पडते. लेक म्हणाली, "वर बांधून देऊ का?"

"ऱ्हाऊ दे," म्हणलो. "वाकतो मी."