तयारीची साडी

आक्का दर वर्षी गुड फ्रायडेच्या आधी, उपवासाच्या दिवसांत, स्वतःच्या मरणाची साडी इस्त्रीला घेऊन यायच्या.

साडी पांढरी, सुती, बारीक निळ्या काठाची. आक्का नर्स होत्या, आणि निवृत्तीच्या दिवशी त्या हीच साडी नेसून शेवटच्या ड्यूटीला गेल्या होत्या. आमच्या ख्रिस्ती लोकांत कितीतरी म्हाताऱ्या बायका अशी एक साडी पेटीत वेगळी ठेवतात. बोलावणं आलं की मुलींनी शोधाशोध करू नये, एवढंच. लग्नाची साडी कुठं गेली देव जाणे, ही मात्र जाग्यावर पाहिजे, असं म्हणत त्या ती दुकानात माझ्यासमोर ठेवायच्या. दुकानाचे मालक मूळचे खानापूरकडचे शेतकरी, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. ते म्हणायचे, तुम्ही आम्हा सगळ्यांना पोचवूनच मग जाणार.

मी नगरकडचा. वडील गेले आणि आठवीत शाळा सुटली. गावातल्या एकानं कामाला म्हणून बेळगावला आणलं. तो परत गेला, मी टिळकवाडीतल्या या धुलाई-इस्त्रीच्या दुकानात राहिलो. पहिल्याच रविवारी चर्चच्या पायरीवर आक्कांनी विचारलं, जेवायचं काय करतोस? तेव्हापासून दर रविवारी मी त्यांच्याकडे जेवायला. त्यांच्या घरी भात, पण मी भाकरीच्या मुलखातला म्हणून माझ्यापुरत्या दोन भाकऱ्या थापायच्या. त्या कधी गोल झाल्या नाहीत. आईच्या हातच्या गोल भाकऱ्यांपेक्षा त्या वाकड्या भाकऱ्यांची मला जास्त आठवण येते, हे लिहिताना आईची माफी मागतो.

मी मुळात भित्रा. मोबाईलवर कुणी जगाच्या शेवटच्या काळाच्या खुणा सांगायला लागलं की छातीत धडधडायचं, पण बंद करवत नसे. कुठं युद्ध, कुठं भूकंप, हे अमक्या संदेष्ट्यानं सांगितलेलं, ते बायबलातल्या प्रकटीकरणात लिहिलेलं. वाटायचं, आपण ऐकतोय म्हणजे आपण जागे आहोत.

त्या वर्षी आक्कांची साडी इस्त्रीखाली होती आणि मोबाईल समोर भिंतीला टेकवलेला. किती थोडा वेळ उरलाय ते एक उपदेशक सांगत होता. मी त्याच्या तोंडाकडे बघत राहिलो. वास आला तेव्हा उशीर झाला होता. पदराच्या खाली तळहाताएवढा तपकिरी डाग. लिंबू चोळलं, उन्हात धरली. डाग पिवळट झाला, गेला नाही.

अण्णा त्या दिवशी गुंजी गावाला पाहुण्यांकडे गेले होते. मी डाग आत जाईल अशी घडी घातली, साडी पेपरात गुंडाळली, दोऱ्यानं बांधली. संध्याकाळी आक्का आल्या, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि पुडी घेऊन गेल्या. ती पुढच्या वर्षी पुन्हा माझ्याच हातात सुटणार होती. मध्ये सुटली तर एकाच कारणानं, आणि तेव्हा आक्का मला काही विचारायला नसणार.

मी रविवारी जेवायला जाणं बंद केलं. कधी ताप, कधी दुकानात गर्दी, कधी गावचा माणूस आलाय, अशी कारणं दिली. चर्चमध्ये प्रभुभोजनाची भाकर आणि प्याला घ्यायला सगळे पुढे जायचे, मी बाकावरच बसून राहायचो. खुणा मात्र रोज ऐकत होतो.

पावसाळ्यात आक्कांना दम लागला म्हणून चार दिवस दवाखान्यात ठेवलं. मला झोप येईना. त्यांच्यासाठी प्रार्थना करायला बसलो की डोळ्यांपुढे ती पुडी यायची. शहापूरच्या दुकानात जाऊन तसल्याच काठाची साडी बघूनही आलो. गुपचूप बदलली तर कुणाला कळलं असतं?

त्याच आठवड्यात, बुधवारच्या बायबल अभ्यासाला, चर्चच्या पाळकसाहेबांनी जुन्या करारातला शेवटचा संदेष्टा घेतला. नेहमीप्रमाणे कुणीतरी विचारलं, हे सगळं कधी होणार? ते म्हणाले, संदेष्टे कॅलेंडर छापायला आले नव्हते. निनवे शहराला चाळीस दिवसांची मुदत दिली होती, आणि चाळीस दिवसांनी काहीच झालं नाही, कारण लोक पापापासून वळले. तो इशारा खरा ठरू नये म्हणूनच दिला होता. मग त्यांनी त्या शेवटच्या संदेष्ट्याचं पुढचं वाचून दाखवलं. प्रभू येईल तेव्हा धातू गाळणाऱ्याच्या आगीसारखा असेल, आणि कपडे धुणाऱ्याच्या खारासारखा.

आगीचं मी शंभरदा ऐकलं होतं. खाराकडे, म्हणजे मळ काढणाऱ्या सोड्याकडे, कधी लक्षच गेलं नव्हतं. माझ्याच धंद्यातली वस्तू. धुणारा कपडा फेकायला धूत नाही, हे मला कुणी शिकवायला नको होतं. पण कपडा उलगडून त्याच्या हातात द्यावा लागतो. घडी घालून, दोरा बांधून दिलेला कपडा कुणालाच धुता येत नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी आक्कांकडे गेलो. दवाखान्यातून येऊन त्या खिडकीजवळच्या खाटेवर पडल्या होत्या. बसलोसुद्धा नाही.

"आक्का, तुमची ती साडी माझ्या हातून जळली. मी लपवून दिली."

त्यांनी पेटी काढायला सांगितली. मी पुडी सोडली, साडी खाटेवर पसरली. त्या डागावरून बोट फिरवत राहिल्या. त्या ओरडल्या तर काय म्हणायचं हे मी वाटेत ठरवून आलो होतो. त्या गप्प राहिल्या तर काय, ते ठरवलं नव्हतं.

"ही नेसून शेवटचं बाळंतपण केलतं मी," त्या हळूच म्हणाल्या. "जुळी हुती." डोळे पुसले. मग माझ्याकडे बघितलं. "म्हणून जेवायला येणं सोडलास व्हय?"

मी मान हलवली.

"आणि मला वाटलं, मीच कायतरी बोलले असंन. पोरगं लांबचं, लागलं असंल मनाला. पाच महिने देवापाशी माफी मागाय लागलेय रं मी. कशाची, ते बी म्हाईत न्हाई."

त्या हसायला लागल्या, पार खोकला येईपर्यंत. मी पाणी दिलं. मला हसता येईना, रडूही नीट येईना. नवी साडी आणून देतो म्हटलं तर त्यांनी हातानंच नको म्हणून सांगितलं आणि हिचीच घडी घाल म्हणाल्या. सवयीनं मी डाग आत घ्यायला लागलो. त्यांनी माझं मनगट धरलं.

"वर राहू दे. मी काय कोरी जाणार हाय व्हय? ज्यानं धुवायचं त्यो बघंल."

मी डाग वर ठेवून घडी घातली. पेपरात बांधली नाही. लेकीला दाखवायची आहे म्हणाल्या.

मी अजून भितो. स्वभाव आहे, एका दुपारीत जात नाही. पण त्या दिवशी तिथून निघालो तो सरळ दुकानात गेलो आणि अण्णांना सगळं सांगितलं, कारण दुकान त्यांचं होतं आणि आक्कांनी साडी त्यांच्या भरवशावर दिली होती. अण्णांनी इस्त्री बाजूला उभी केली. खुंटीवरची टोपी घेतली, शटर अर्धं ओढलं.

"चल आक्कांकडं," ते म्हणाले, "मी बी येतो."